सापाच्या पेटीतला तवा: ऊब देताना आणि भाजल्यावर काय करायचं

नागपंचमीला आमच्या घरी चुलीवर तवा चढत नाही. चिरणं नाही, तळणं नाही, जमीन खणणं नाही. पुरणाची दिंडं उकडायची आणि वरून तुपाची धार. नागाला इजा होऊ नये म्हणून हे सगळं. त्यामुळे जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या पाळीव बॉल पायथनच्या (परदेशी अजगराची एक जात) पोटावर मोबाइलएवढा तपकिरी डाग दिसला, तेव्हा आई जे बोलली ते अजून कानात आहे. "अगं, पंचमीला आपण तवा ठेवीत नाही, अन् तू या मुक्या जिवाला रोज तव्यावर निजवायलीस व्हय?"

तवा म्हणजे पेटीखालची हीट मॅट, ऊब देणारी विजेची चटई. तिला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारं यंत्र) होता, आणि तो चालूही होता. मी त्याच्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर पेटीच्या आत चिकटपट्टीने लावली होती. रात्री लाडूने (गुंडाळी करून बसतो, म्हणून लाडू) ती उचकटली आणि सेन्सर जाऊन पडला पाण्याच्या भांड्यापाशी. तिथे १९ अंश. थर्मोस्टॅटच्या हिशेबाने पेटी गारच होती, तो मॅटला करंट देत राहिला. मी नंतर काचेवर मोजलं तेव्हा ५२ अंश होते. बिघाड कशातच नव्हता. मॅट तापत होती, थर्मोस्टॅट सेन्सरचं ऐकत होता, सेन्सर खरं सांगत होता. लाडूचं पोट टेकतं तिथे किती आहे, एवढंच कोणी मोजत नव्हतं.

पुढचं सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे: पोटाला काय लागतंय ते मोजा. साप पाळण्याचे सल्ले मिळतात ते बहुतेक थंड देशांतले, जिथे वर्षभर हीटर लागतो. आपल्याकडे लातूर, परभणी, नांदेडला ऊब लागते ती दिवाळीनंतर. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की मॅट काढून माळ्यावर टाकायची. त्यानंतर प्रश्न उलटा होतो, त्याकडे नंतर येऊ.

आधी कागद

धामण, पाणदिवड, मांडूळ, नाग, आपला भारतीय अजगर यांपैकी काहीही घरात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शेतात सापडला, पिल्लू होतं, दया आली, यातलं कुठलंच कारण चालत नाही. मांडूळ घरात असलं की धन येतं असं सांगणारा भेटला तर त्याच्यापासून दोन हात लांब राहा. त्या नादात लोक तुरुंगात गेले आहेत.

पाळता येतात ते परदेशी जातींचे, पिंजऱ्यात जन्मलेले साप. आपल्याकडे जास्त दिसतात बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, आणि साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद करावी लागते. तिचे नियम २०२४ मध्ये आले आणि अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होतो. विकणारा "कागदाचं बघू नंतर" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. कागद नसलेला साप भाजला की माणूस डॉक्टरकडे जायलाही कचरतो, आणि हाल सापाचे होतात.

किती अंश हवेत

साप स्वतःची ऊब तयार करत नाही. पचन, जखम भरणं, रोगाशी लढणं हे सगळं तो बाहेरून घेतलेल्या उष्णतेवर करतो. म्हणून पेटीत एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवायची, म्हणजे त्याला सरकून हवी ती जागा निवडता येते.

बॉल पायथनसाठी उबदार जागेचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २४ ते २७. कॉर्न स्नेकला थोडं कमी: २९-३० आणि २२ ते २४. दोन्ही बाजूंना एकसारखं लपण ठेवा. एकच लपण असेल तर साप तापमान बघत नाही, आडोसा बघतो, आणि आडोसा जिथे आहे तिथेच भाजत पडतो. मी मातीची दोन बोळकी उलटी करून कडेला दार पाडलं आहे. कुंभाराकडून आणली, दिसायलाही बरी दिसतात.

आता नव्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट. मॅटने जमीन तापते, हवा तापत नाही. जानेवारीत बाहेर पारा दहाच्या खाली गेला की पत्र्याच्या किंवा गच्चीवरच्या खोलीत १५-१६ अंश सहज होतात. अशा हवेत पेटीतली एकच वस्तू गरम असेल तर साप तिला रात्रभर पोट चिकटवून बसतो. पाठ गार, पोट तापलेलं. गारठलेल्या जिवाला ऊब सोडवत नाही; आपणही शेकोटीपाशी पिंडऱ्या लाल होईपर्यंत बसतोच की. माणसाच्या कातडीला ४४ अंशांची वस्तू सहाएक तास लागून राहिली तरी भाजतं, ६० अंशांना पाचेक सेकंद पुरतात. साप एका जागी सहा तास बसणं म्हणजे त्याची रोजची रीत.

त्यामुळे पहिलं काम हीटर विकत घेण्याचं नाही, पेटीची जागा बदलण्याचं. आतली खोली, बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीवर न ठेवता टेबलावर. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोलचे पत्रे लावले की हवा तीन-चार अंशांनी सुधारते. मात्र मॅटखाली किंवा दिव्याजवळ थर्मोकोल नको. तो वितळतो आणि पेटतो.

कोणतं साधन

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीला हीट मॅट चालते. ती बाहेरून, तळाखाली, एका टोकाला लावायची आणि तिने तळाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग व्यापू नये. पेटीला खाली चार रबरी बूच लावा, म्हणजे मॅटखाली हवा खेळते. लाकडी पेटीखाली मॅट लावू नका. लाकडातून उष्णता वर जात नाही, खालीच कोंडते.

लाकडी पेटीत छताला सिरॅमिक हीटर लावतात. तो उजेड देत नाही, फक्त उष्णता. त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो, म्हणून होल्डर चिनी मातीचाच हवा. नेहमीच्या बल्बचा प्लास्टिक होल्डर काही दिवसांत मऊ पडतो. भोवती जाळीचा पिंजरा अनिवार्य. जाळी हीटरपासून इतकी लांब हवी की साप तिच्यावर चढून बसला तरी भाजणार नाही, आणि तो चढणारच, हे धरून चाला. लावण्याआधी तासभर हीटर चालू ठेवून जाळीला हात लावून बघा. तुमचा हात टिकत नसेल तर सापाचं पोटही टिकणार नाही.

आत ठेवायचे गरम दगड मिळतात, दिसायला छान असतात. घेऊ नका. ते एकसारखे तापत नाहीत, एका कोपऱ्यात कढत आणि दुसऱ्यात कोमट असतात, आणि साप नेमका त्यांनाच विळखा घालतो. लाल बल्ब, कॉइलचा रूम हीटर, कोळशाची शेगडी हेही नको. बंद खोलीतल्या शेगडीचा विषारी वायू सापाआधी तुम्हाला मारेल.

वॅट निवडताना लोक "थोडं जास्तच असू द्या" म्हणतात. उलट करा. कधीतरी थर्मोस्टॅट अडकणार आहे असं समजून, पूर्ण वेळ चालू राहिली तरी जीव घेणार नाही एवढीच लहान मॅट घ्या. आमच्या भागात याला आणखी एक कारण आहे. रात्री शेतीपंप बंद झाले की लाइनचा दाब चढतो. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: २३० ऐवजी २६० व्होल्ट आले तर तीच मॅट साधारण २८ टक्के जास्त तापते. संध्याकाळी मोजून "बरोबर आहे" म्हणून झोपलात, तरी पहाटे तीनला आकडा वेगळा असतो.

थर्मोस्टॅट आणि सेन्सर

थर्मोस्टॅटशिवाय मॅट प्लगला लावायची नाही. एक रात्रही नाही.

सापांसाठीचे खास थर्मोस्टॅट आपल्याकडे महाग पडतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अंडी उबवणीच्या मशीनला लावतात तो डिजिटल कंट्रोलर मिळतो; मॅटसाठी तो चालतो. तो चालू-बंद प्रकारचा असतो, म्हणजे ठरलेल्या आकड्याला तोडतो आणि अंश-दोन अंश उतरलं की जोडतो. हा फरक एक अंशावर ठेवा. सिरॅमिक हीटरलाही चालतो. उजेड देणाऱ्या बल्बला नको, सतत उघडझाप होऊन साप बेचैन होतो. त्याला डिमर प्रकारचा, म्हणजे करंट हळूहळू कमी-जास्त करणारा लागतो. विकत घेताना "हीट" आणि "कूल" असे दोन मोड आहेत का बघा. माझ्या ओळखीच्या एकाने कूल मोडवर लावून ठेवला होता. जितकं तापेल तितका तो करंट सोडत होता.

आता सेन्सर. तो मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये, बाहेरून, उष्णता सहन करणाऱ्या पट्टीने पक्का करा. साप तिथे पोचत नाही, पाणी सांडत नाही. आत चिकटपट्टी कुठेही नको. सेन्सर सुटतो तो वेगळा, पण पट्टी सापाच्या खवल्यांना चिकटली की सोडवताना कातडी सोलून येते. आमच्याकडे तेही झालं. तेल लावून अर्धा तास सोडवत बसले.

सेन्सर बाहेर असला की थर्मोस्टॅटवरचा आकडा आणि आतल्या जमिनीचा आकडा सारखा नसतो. काच जाड असेल तर मधे चार-पाच अंशांचा फरक पडतो. माझ्याकडे थर्मोस्टॅट ३६ वर आहे, तेव्हा आत ३२ मिळतात. तुमच्याकडे वेगळं असेल. ते शोधायचं असं:

१. साप दुसरीकडे ठेवा. पेटी नेहमीसारखी मांडा, अंथरूण, लपण, पाणी सगळं.

२. थर्मोस्टॅट ३२ वर ठेवा. तीन तासांनी लपणाखालचं अंथरूण बोटाने बाजूला करा आणि उघड्या तळाचं तापमान मोजा. अंथरुणावरचं मोजू नका. साप उकरून तळापर्यंत जातोच, आणि जाड अंथरूण गोधडीसारखं उष्णता खाली कोंडतं. मॅटच्या बाजूला दोन बोटांपेक्षा जास्त थर नको.

३. आकडा कमी असेल तर थर्मोस्टॅट एकेक अंशाने वाढवा, दर वेळी दोन तास थांबा.

४. चोवीस तास चालू ठेवा. पहाटे पाचला आणि दुपारी दोनला मोजून वहीत लिहा.

५. आता मुद्दाम थर्मोस्टॅट काढून मॅट थेट लावा आणि तीन तासांनी बघा, कुठवर जाते. जवळ बसून राहा. ४० च्या आत थांबली तर मॅट योग्य आहे. पुढे गेली तर लहान घ्या, किंवा पहिल्याच्या मागे दुसरा थर्मोस्टॅट जोडा, त्याचा सेन्सर वेगळा, आकडा तीन अंश जास्त. पहिल्याच्या आतला स्विच, म्हणजे रिले, चिकटला (चिकटतो, आतले संपर्क वितळून जोडले जातात) तर दुसरा तोडेल.

मोजायला टेंपरेचर गन घ्या, पण करोनात कपाळावर धरायचे ती नाही. ती अंगाच्या तापापुरतीच असते आणि आकडा शरीराच्या हिशेबाने बदलून दाखवते. वायरमन, एसीवाले वापरतात ती औद्योगिक गन हवी. ती काचेतून आतलं मोजत नाही, फक्त काचेचं मोजते. चकचकीत ॲल्युमिनियमवर तर साफ खोटं सांगते. झाकण उघडून मोजा. याशिवाय आत दोन्ही टोकांना एकेक साधा डिजिटल थर्मामीटर असू द्या. काचेवर चिकटवायची रंग बदलणारी पट्टी शोभेपुरती ठीक आहे.

वायर, लाइट जाणं, लाइट येणं

बोर्डला अर्थिंग आहे का हे वायरमनला बोलावून तपासा. आमच्या घरात तिसरी पिन नुसती भोकात होती, मागे वायरच नव्हती. गळती झाली की तोडणारा ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. पाण्याचं भांडं आणि वीज एका पेटीत म्हटल्यावर हा खर्च टाळू नका. वायर प्लगपर्यंत जाताना खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे सांडलेलं पाणी झोळातून टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही.

रात्री लाइट गेली तर घाबरून धावाधाव करू नका. निरोगी मोठा साप एक रात्र १८-२० अंशांत काढू शकतो. पेटीवर गोधडी टाका, हवेला फट ठेवा. फारच गारठा असेल तर बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून, पेटीच्या बाहेरून टेकवा. आत नको. नुकताच उंदीर खाल्ला असेल तर मात्र गारठ्यात पचत नाही, सडतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणून ज्या आठवड्यात लाइटचा भरवसा नाही त्यात खायला देऊ नका. लाइट आल्यावर थर्मोस्टॅटचा आकडा एकदा बघा. स्वस्तातले काही कंट्रोलर आपलं सेटिंग विसरून मूळ आकड्यावर जातात.

चैत्र-वैशाख

शिवरात्र झाली की, उशिरात उशिरा मार्चच्या मध्यापर्यंत, मॅटचा प्लग काढा. "थर्मोस्टॅट आहे, आपोआप बंद राहील" म्हणून ठेवू नका. बाहेर ४२ अंश आणि पत्र्याखाली त्याहून जास्त, अशा वेळी साप थंडीने नाही, उकाड्याने मरतो. खोली ३५ च्या वर दिवसभर राहू लागली की त्याला हलवायचं. माझा लाडू एप्रिल ते जून गावाकडच्या माळवदाच्या घरात असतो. मातीचा जाड धाबा, जाड भिंती. बाहेर रण पेटलेलं असतं तेव्हाही आतल्या खोलीत गारवा असतो. माळवद नसेल तर खालच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली, लपणाचं बोळकं ओलं करून, पेटीजवळ पाण्याचा माठ. कूलरची हवा थेट पेटीवर नको. काचेची पेटी उन्हात दहा मिनिटंही ठेवू नका, खिडकीतल्या उन्हातसुद्धा.

भाजलंय हे ओळखायचं कसं

सापाची भाजलेली जागा लगेच दिसत नाही. पहिल्या दिवशी पोटाचे खवले जरा गुलाबी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपकिरी, मग फोड किंवा ओल. लाडूला नक्की कोणत्या रात्री भाजलं हे मला आजही सांगता येणार नाही. अंथरुणाच्या पांढऱ्या कागदावर पिवळसर ओला डाग दिसला म्हणून त्याला उलटा करून पाहिलं, तेव्हा कळलं. तोपर्यंत दोन-तीन दिवस गेले असावेत. म्हणून थंडीत आठवड्यातून दोनदा पोट बघाच.

घोटाळा दोन ठिकाणी होतो. कात टाकण्याआधी बॉल पायथनचं पोट गुलाबी होतं, डोळे दुधाळ होतात. तो गुलाबीपणा पोटभर एकसारखा असतो आणि कात पडली की जातो. दुसरं, ओल्या घाणेरड्या अंथरुणाने होणारी खवल्यांची कुज. तिचे ठिपके इथे-तिथे विखुरलेले असतात. भाजल्याचा डाग एकाच जागी, सलग, कधी कधी थेट मॅटच्या कडेच्या आकाराचा असतो. सिरॅमिक हीटरने भाजलं तर डाग पाठीवर.

फक्त लाली, खवले शाबूत: वरवरचं. फोड, पाझर, खवले सुटलेले: खोल. काळं, पांढरं किंवा चामड्यासारखं कडक झालेलं: फार खोल, त्याच दिवशी डॉक्टर. फोड आले तरीही डॉक्टर. घरचे उपाय फक्त लालीसाठी आणि दवाखान्यात पोचेपर्यंतच्या वेळासाठी.

पहिला तास

प्लग काढा. साप बाहेर घ्या, भाजलेल्या जागेला हात न लावता.

जखम ताजी असेल, म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत चटका बसला असेल, तर त्या जागेवर साधारण खोलीच्या तापमानाचं पाणी दहा-पंधरा मिनिटं हळू सोडा. नळाचं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घ्या. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कढत येतं, आणि भाजलेल्यावर तेच सोडलेलं मी पाहिलंय. हिवाळ्यात पहाटेचं पाणी इतकं गार असतं की सापाचं सगळं अंग गारठतं. बर्फ नाही. जुनी जखम असेल तर पाण्याचा उपयोग नाही, पुढे चला.

हळद, तूप, खोबरेल, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस, कोरफड: काहीही नाही. घरातली मोठी माणसं प्रेमाने सांगतील, त्यांना हो म्हणा आणि लावू नका. तेलकट थराखाली उष्णता आणि जंतू दोन्ही कोंडतात, आणि डॉक्टरला ते खरवडून काढावं लागतं. फोड फोडू नका. माणसाची वेदनेची गोळी तर मुळीच नाही. बधिरीचं औषध मिसळलेलं मलमही नको.

धुवायला सलाइन चांगलं, मेडिकलमध्ये बाटली मिळते. पोव्हिडोन आयोडिनचं द्रावण पाण्यात इतकं पातळ करा की रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसेल. साबणासारखा फेस येणारा, ऑपरेशनआधी हात धुण्याचा प्रकार घेऊ नका. ओतायचं, चोळायचं नाही. मग मऊ गॉजने टिपून घ्या.

नंतर साप रिकाम्या प्लास्टिकच्या टबात, खाली फक्त पांढरा कागद किंवा किचन टिश्यू. लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या जखमेत रुततो. टबावर बारीक जाळी बांधा, कारण माशी बसली की दुसऱ्या दिवशी अळ्या. याची धास्ती गाई-म्हशी असलेल्या घराला सांगावी लागत नाही. तापमान २८ ते ३० ठेवा, पण खोली उबदार करून. खालून मॅट नको. ऊब काढून घेऊ नका, कारण थंड पडलेल्या सापाची जखम भरत नाही.

डॉक्टर

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई, बैल, शेळ्या बघतात. साप पाहून काही जण मागे सरकतात, त्यात त्यांचा दोष नाही. आधी फोन करून विचारा. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे विचारणा करता येते. नाहीच जमलं तर पुण्यातले विदेशी प्राण्यांचे डॉक्टर, आणि तोवर स्थानिक डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या. आमच्या बाबतीत हेच झालं: औषध पुण्याहून ठरलं, टोचलं गावातल्या डॉक्टरांनी.

जाताना एका कागदावर लिहून न्या: जात, वजन ग्रॅममध्ये, शेवटचं खाणं कधी, शेवटची कात कधी, हीटर कोणता, तळाचं तापमान किती निघालं, काय लावलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून वजन करता येतं. वजनाशिवाय औषधाची मात्रा ठरत नाही. साप सुती पिशवीत, पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात. उन्हाळ्यात पहाटे निघा.

खोल भाजलेल्या सापाच्या अंगातून पाणी सतत पाझरून जातं, त्यामुळे डॉक्टर बहुधा आधी सलाइन देतात, मग वेदनाशामक आणि अँटिबायोटिकची इंजेक्शनं. सापाचं शरीर औषध सावकाश वापरतं, म्हणून काही इंजेक्शनं रोज नसून दोन-तीन दिवसांआड असतात. "एकच सुई दिली, बाकीच्या विसरले" असं समजून घरी मधे काही देऊ नका. जखमेवर बहुतेक वेळा सिल्व्हर सल्फाडायझिन मलम सांगतात, माणसांच्या भाजण्यावर लावतात तेच पांढरं. पातळ थर, आणि दर वेळी जुना थर धुऊन मग नवा. मोठ्या जखमेवर पॅराफिन गॉज ठेवतात, ते चिकटत नाही.

पुढचे महिने

कागद रोज बदला. पाणी लहान, जड भांड्यात, प्यायला पुरेल एवढंच. बुडून बसता येईल असं नको. हाताळणं बंद, फक्त औषधापुरतं. पहिले काही दिवस खायला देऊ नका, डॉक्टर हो म्हणाले की नेहमीपेक्षा लहान, मेलेला उंदीर. जिवंत उंदीर जखमेला चावतो. दर दोन दिवसांनी त्याच उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून डागाचा फोटो काढा, म्हणजे वाढतोय की आकसतोय हे डोळ्यांच्या भरवशावर राहत नाही. वास, हिरवट पू, डागाच्या कडा पसरणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं यांपैकी काही दिसलं की परत दवाखाना.

खरी दुरुस्ती कातेबरोबर होते. भाजल्यावर साप नेहमीपेक्षा लवकर कात टाकू लागतो, आणि भाजलेल्या जागी ती अडकते. ओढू नका. खालची नवी कातडी सोबत येते. कात सुटायला आली की खोलीत दमटपणा वाढवा, अडकलेल्या तुकड्यावर ओला गॉज वीस मिनिटं ठेवा, सुटला तर सुटला.

लाडूची पहिली कात त्या जागी चिंध्या होऊन पडली. दुसरी जवळजवळ अखंड आली, डागापाशी एक भोक. तिसरी मेमध्ये, माळवदाच्या घरात, डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग. उजेडाकडे धरली तर पोटाच्या रुंद खवल्यांच्या ओळीत नऊ खवले वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले दिसतात. डॉक्टर म्हणाले, तेवढे आता तसेच राहतील.

शेवटची एक गोष्ट, पाळीव सापाची नाही. उसाचं पाचट किंवा बांध पेटवल्यावर भाजलेली धामण, घोणस दिसली तर तिला घरी आणू नका आणि वरच्यातला एकही उपाय करू नका. लांब उभं राहून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि ते येईपर्यंत कुत्री-पोरं लांब ठेवा.